नदी नसलेल्या मुलखात : युकातानचे आठ दिवस

दिवस पहिला : मेरिदा

विमान खाली यायला लागलं तेव्हा अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते. खाली नजर पोचेल तिथवर बुटकं, हिरवं, सपाट रान. डोंगर नाही, साधं टेकाडही नाही. बराच वेळ बघून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "नदी कुठाय गं इथली?"

अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि आम्ही लातूरचे. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते आमचं गाव. त्यामुळे नव्या मुलखात पाऊल टाकलं की अण्णा आधी नदी शोधतात, बाकीचं मग. मी ह्यूस्टनला राहते. हिवाळ्यात ते माझ्याकडे आले होते, आणि मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातलं मेरिदा तिथून जेमतेम दोन तासांच्या अंतरावर. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होताच, त्यावर मेक्सिकोत जाता येतं, वेगळा काढावा लागला नाही. जानेवारीतले आठ दिवस, भाड्याची गाडी आणि माझं कामापुरतं स्पॅनिश, एवढ्यावर निघालो.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. सगळी भूमी चुनखडीची. पाऊस पडतो, पण पडला की सरळ खाली जिरतो. चुनखडी विरघळून जमिनीच्या पोटात भुयारं झाली आहेत आणि त्यांतून पाणी समुद्राकडे सरकत असतं. एखाद्या भुयाराचं छत कोसळलं की पाणी उघडं पडतं. त्या विहिरीसारख्या कुंडाला म्हणतात सेनोते, इथल्या मूळच्या माया लोकांच्या भाषेतल्या 'त्सोनोत'चं स्पॅनिश रूप. यातल्या कितीतरी सेनोते एका मोठ्या अर्धवर्तुळावर ओळीने आहेत. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जी उल्का इथे कोसळली आणि डायनासोरांचा काळ संपला, तिच्या सुमारे 180 किलोमीटर रुंदीच्या विवराची ती गाडली गेलेली कड. मेरिदा शहर त्या वर्तुळाच्या आतच येतं.

"म्हणजे पाणी आहे, पण दिसत नाही," अण्णा म्हणाले.

पुढचे आठ दिवस आम्ही देवळं पाहिली, पिरॅमिड पाहिले, समुद्र पाहिला, पण सगळं पाण्याचा माग काढत. युकातान असंच बघावं असं आता माझं ठाम मत आहे.

संध्याकाळी मेरिदाच्या मोठ्या चौकात जाऊन बसलो. स्पॅनिशांनी हे शहर 6 जानेवारी 1542 ला वसवलं, पण मोकळ्या माळावर नाही. इथे त्हो नावाचं माया नगर होतं. त्याची देवळं उतरवून त्याच दगडांत चर्च उभं केलं, ते 1598 साली पूर्ण झालं. चौकाच्या दक्षिण बाजूला हे शहर वसवणाऱ्या मोंतेखो घराण्याचा वाडा आहे, 1549 चा. त्याच्या दरवाज्यावर दोन स्पॅनिश शिपाई कोरले आहेत आणि त्यांचे पाय माणसांच्या मुंडक्यांवर आहेत. तोंडं वासलेली मुंडकी. अण्णा त्या दरवाज्याखाली बराच वेळ उभे राहिले. "जिंकणाऱ्याला हे दारावर लावावंसं वाटलं," एवढंच बोलले.

चौकात पांढऱ्या रंगाच्या जोडखुर्च्या आहेत, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळवलेल्या, दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतील अशा. तिथे बसून आम्ही जेवणाची चिंता केली, कारण अण्णा माळकरी. पण चिंता फुकट गेली. सिकिल पाक मिळालं : भोपळ्याच्या बिया भाजून, वाटून, त्यात भाजलेला टोमॅटो, कोथिंबीर आणि हबानेरो मिरची. सोबत मक्याच्या गरम तोर्तिया. अण्णांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "कारळाच्या चटणीची बहीण आहे ही."

दिवस दुसरा : उश्माल आणि काबाह

सकाळी सातला निघालो. युकातानच्या रस्त्यांवर प्रत्येक गावाच्या तोंडाशी आणि शेवटी गतिरोधक असतात, त्यांना 'तोपे' म्हणतात, आणि ते चांगलेच उंच असतात. पाटी दिसली की वेग कमी करायचा. उश्माल या ओस पडलेल्या माया नगरात सव्वा तासात पोचलो. तिकीट दोन खिडक्यांवर घ्यावं लागतं, एक केंद्र सरकारचं, एक राज्याचं. दोन्ही जपून ठेवा.

आत शिरताच समोर जादूगाराचा पिरॅमिड. सुमारे 35 मीटर उंच, आणि त्याचा पाया चौकोनी नाही, लांबट गोल आहे, म्हणून तो इतर माया पिरॅमिडांसारखा टोकदार न दिसता भरदार दिसतो. दंतकथा अशी, की एका म्हातारीला सापडलेल्या अंड्यातून एक बुटका मुलगा निघाला आणि त्याने एका रात्रीत हा बांधून राजाला हरवलं. बांधकाम प्रत्यक्षात पाच टप्प्यांत, एकावर एक चढवत झालेलं आहे. पलीकडे चार लांब इमारतींनी वेढलेलं अंगण आहे. स्पॅनिशांना ते जोगिणींच्या मठासारखं वाटलं म्हणून तेच नाव पडलं. भिंतीचा खालचा भाग साधा, गुळगुळीत आणि वरचा पट्टा दगडी नक्षीने गच्च भरलेला : जाळ्या, साप, झोपड्यांच्या आकृत्या. कोपऱ्यांवर एकाखाली एक मुखवटे, मोठे डोळे आणि सोंडेसारखं वळलेलं लांब नाक. हा चाक. पावसाचा देव.

राज्यपालाचा वाडा म्हणतात त्या इमारतीकडे गेलो. जवळजवळ 100 मीटर लांब, उंच चौथऱ्यावर. तिथल्या वाटाड्याने दारावरची लाकडी तुळई दाखवली आणि म्हणाला, झापोते. मी थांबलेच. झापोते म्हणजे चिकू! आपला डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा या भागातला, आणि 'चिकू' हा शब्दही इथल्या चिकोझापोतेतूनच आपल्याकडे आला. त्याचं लाकूड इतकं कठीण की माया गवंडी दारांच्या तुळयांना तेच वापरत. अण्णांनी चौकटीला हात लावला नाही, मनाई आहे, पण तोंड अगदी जवळ नेऊन लाकडाच्या रेषा पाहिल्या.

मला मात्र उश्मालमध्ये सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते जमिनीतलं एक भोक. वाटेच्या कडेला दगडी कडं, जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, त्यावर जाळी. बहुतेक लोक त्यावरून नुसती नजर टाकून पुढे जात होते. अण्णा गुडघ्यांवर बसले.

हा चुल्तुन. उश्माल, काबाह हा टेकड्यांचा भाग, याला पुउक म्हणतात. इथे पाणी फार खोल आहे, उत्तरेसारख्या सेनोते नाहीत. मग हजारो लोक जगले कसे? तर वरचा कठीण दगड फोडून खालच्या मऊ पांढऱ्या थरात बाटलीच्या आकाराची टाकी खोदायची, आतून चुन्याचा गिलावा करायचा, तोंड अरुंद ठेवायचं म्हणजे ऊन लागत नाही, पाणी उडून जात नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे भोवतालचं अंगण फरसबंद करून त्याचा उतार सगळ्या बाजूंनी तोंडाकडे द्यायचा. पावसाळ्यात भरून घ्यायचं, कोरडे महिने त्यावर काढायचे.

अण्णा उताराला हात लावून बघत होते. "किल्ल्यांवरची टाकी बघितलीस ना तू? खडक फोडून काढलेली? हे तेच. पण हे घराघरापुढं केलंय." मग म्हणाले, "पाया, चौथरा, अंगण, सगळं पाण्याच्या हिशेबाने बांधलंय. राजवाडा नंतर दिसतो."

काबाह तिथून वीसेक किलोमीटर. गर्दी जवळजवळ नाही. कोद्झ पोप नावाच्या इमारतीची सबंध दर्शनी भिंत चाकच्या मुखवट्यांनी भरलेली, अडीचशेच्या आसपास, एकाला एक चिकटून, मधे रिकामी जागाच नाही. नाकं बहुतेक तुटली आहेत, डोळे मात्र शाबूत. आत एका खोलीत वर चढायची पायरी म्हणजे मुखवट्याचं गुंडाळलेलं नाकच. देवाच्या नाकावर पाय देऊन खोलीत जायचं. उश्मालमध्ये कलाकुसर होती, इथे विनवणी आहे. एकच नाव अडीचशे वेळा घेतल्यासारखी.

तिथल्या राखणदाराशी बोलणं झालं. साठीचा माणूस, घरी माया बोलणारा. मी विचारलं, चाकला आता कोणी मानतं का? तो म्हणाला, आमच्या गावात पाऊस लांबला की चा चाक करतात. रानात फांद्यांचं मखर उभारतात, मक्याचे रोट आणि मक्याचं पेय ठेवतात, आणि मखराच्या चार पायांशी चार पोरं बसवतात. ती पोरं बेडकांसारखी ओरडतात. बेडूक ओरडले की पाऊस येतो.

मी हे अण्णांना मराठीत सांगितलं आणि अण्णांचा चेहरा बदलला. "सांग त्याला," ते म्हणाले, "आमच्याकडं धोंडी मागतात. पोराला कडुलिंबाचा पाला गुंडाळतात, डोक्यावर पाटात बेडूक ठेवतात, घरोघर जातात, बायका त्याच्यावर पाणी ओततात. सांग, मी स्वतः झालोय धोंडी."

मला 'कडुलिंब' स्पॅनिशमध्ये सांगता येईना, पण 'नीम' म्हणताच त्याने मान हलवली. त्याच्या गावातही ते झाड होतं. बेडूक तर कळलाच. तो हसला नाही. त्याने अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मायामध्ये काहीतरी म्हणाला. 'बिश अ बेल', कसे आहात, पण शब्दशः अर्थ 'तुझी वाट कशी आहे'. याच 'वाट' शब्दावरून साकबे, पांढरा रस्ता. काबाहपासून उश्मालपर्यंत 18 किलोमीटरचा असा उंच बांधलेला चुन्याचा रस्ता होता, त्याच्या टोकाची एकटी कमान रस्त्यापलीकडे रानात अजून उभी आहे. त्याने आम्हाला तिथवर चालत नेलं.

परतताना गाडीत मी अण्णांना पुढचं सांगितलं. नवव्या-दहाव्या शतकात ही शहरं ओस पडत गेली. कारणं एकाहून जास्त असणार, लढायाही होत्या, पण दुष्काळाचा पुरावा पक्का आहे. चिचानकानाब नावाच्या तळ्याच्या गाळात जिप्समचे थर सापडले. तळं आटतं तेव्हाच जिप्सम असं तळाशी बसतं, आणि ते थर नेमके त्या काळाचे आहेत. टाकी एका वर्षासाठी होती. पाऊस ओळीने अनेक वर्षं चुकला.

अण्णा खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बहात्तरला मी सतरा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. गाव सोडून जाताना माणसं घराला कडी घालायची, कुलूप नाही. पुन्हा येऊ म्हणून."

दिवस तिसरा : सेलेस्तून

मेरिदाहून पश्चिमेला दीड तास. समुद्र आणि जमीन यांच्या मधे एक लांब खाडी, दोन्ही काठांना खारफुटी, आणि हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो. होडीवाल्याने बऱ्याच लांबून इंजिन बंद केलं आणि बांबूने ढकलत नेलं. पाणी गुडघाभर, चहासारखं तांबूस. मुंबईला शिवडीत मी फ्लेमिंगो पाहिलेत, ते फिकट. हे इथले अमेरिकन फ्लेमिंगो भडक, पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखे. रंग खाण्यातून येतो, खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीतून आणि शेवाळातून. डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळत ते एका लयीत पुढे सरकत होते. फक्त त्यांचा बारीक कलकलाट ऐकू येत होता.

मग होडी खारफुटीच्या बोगद्यात शिरली. मुळांच्या कमानी, हिरवा अंधार. आत लाकडी पायवाटेशी थांबलो तर पुढे एक निळसर, काचेसारखं स्वच्छ कुंड. खाऱ्या खाडीच्या पोटात गोड्या पाण्याचा झरा! सेनोतेंच्या त्या अर्धवर्तुळाचं पश्चिमेकडचं टोक इथे सेलेस्तूनजवळ समुद्राला मिळतं, आणि विवराच्या कडेने जमिनीखालून आलेलं पाणी इथे वर येतं. अण्णांनी ओणवं होऊन बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडं आहे." मग खाडीकडे हात करून, "दिसत नव्हतं ते इथं निघालं बघ."

दुपारी किनाऱ्यावर वाळूत बसून तळलेल्या तोर्तिया आणि घेवड्याची उसळ खाल्ली. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. इथे घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून 'सिन मान्तेका' असं आधीच सांगायचं. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही.

दिवस चौथा : इसामाल

इसामाल पिवळं गाव आहे. दुकानं, घरं, मठ, सगळं एकाच हळदी रंगाचं, पांढऱ्या कडांचं. मधला फ्रान्सिस्कन मठ एका माया देवळाच्या प्रचंड चौथऱ्यावर बांधलाय. चौथरा तसाच ठेवला, देऊळ गेलं. मठाचं काम सुरू करणारा पाद्री दिएगो दे लांदा. याच माणसाने 1562 च्या जुलैमध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या. माया लिपीतल्या आज फक्त चार पोथ्या जगात उरल्यात. आणि त्याच लांदाने पुढे या लोकांविषयी जे लिहून ठेवलं, त्यातल्या अक्षरांच्या टिपणावरून 1952 साली युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाला लिपी वाचायची किल्ली मिळाली. मला हे दोन्ही एकत्र मनात ठेवता येत नाही. जाळलेलं काही परत येत नाही.

संध्याकाळी किनिच काकमो पिरॅमिडवर चढलो. गावातल्या घरांच्या मधेच आहे, चढायला परवानगी आहे. वरून चारी बाजूंना तेच सपाट रान, आणि त्यात उगवलेला एक पिवळा ठिपका. अण्णा शेवटच्या टप्प्याआधीच थांबले, पायऱ्या उंच आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पहिल्या चौथऱ्यावर समाधान मानावं, तिथूनही छान दिसतं.

दिवस पाचवा : चिचेन इत्झा

आठ वाजता दार उघडतं, आम्ही पावणेआठला रांगेत होतो. हे जमवाच. अकरानंतर कानकुनच्या बसगाड्या येतात आणि मग ऊन, गर्दी आणि विक्रेत्यांच्या शिट्ट्यांनी जीव थकतो.

मधला पिरॅमिड, एल कास्तियो, सगळ्यांनी चित्रांत पाहिलेलाच असतो. चारी बाजूंना 91 पायऱ्या आणि वरची एक, मिळून 365. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास मावळतीच्या उन्हात उत्तरेच्या कठड्यावर सावलीचे त्रिकोण पडतात आणि खालच्या दगडी डोक्याला मिळून साप उतरल्यासारखा दिसतो. 2006 पासून चढायला बंदी आहे, ती योग्यच आहे. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली तर उलट येणारा आवाज टाळीचा नसतो, पाखराच्या ओरडण्यासारखा घसरत येतो. सकाळच्या शांततेत अण्णांनी टाळी वाजवली, देवळात वाजवतात तशी, आणि उत्तर आलं तेव्हा दोन पावलं मागे सरकले.

चेंडूच्या खेळाचं मैदान 168 मीटर लांब आहे, मेसोअमेरिकेतलं, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जुन्या संस्कृतींच्या मुलखातलं सगळ्यात मोठं. भिंतीत खूप उंचावर दगडी कडी, त्यातून रबराचा जड चेंडू. भिंतीच्या पायथ्याशी शिरच्छेद झालेल्या खेळाडूचं शिल्प आहे, मानेतून रक्ताच्या जागी साप आणि वेली निघतात.

पण चिचेन इत्झा या नावाचा अर्थच मुळी 'इत्झांच्या विहिरीच्या मुखाशी'. म्हणून आम्ही उत्तरेकडच्या पांढऱ्या रस्त्याने, विक्रेत्यांच्या दोन रांगांमधून, त्या विहिरीकडे गेलो. पवित्र सेनोते. साठेक मीटर रुंद गोल, सरळ तुटलेले कडे, आणि खूप खाली हिरवं, न हलणारं पाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसाने यातून गाळ उपसला तेव्हा जेड, सोनं, धूप आणि माणसांची हाडं निघाली, त्यांत मुलांचीही. पाऊस मागायला इथे माणसं दिली जात.

मला तिथे थांबवेना. अण्णा मात्र वाटाड्याला विचारत होते, मग हे लोक पाणी कुठलं प्यायचे? त्याने दक्षिणेकडे बोट दाखवलं. तिकडे श्तोलोक नावाची दुसरी सेनोते आहे, प्यायच्या पाण्याची, पायऱ्या असलेली. देवाचं पाणी वेगळं, माणसाचं वेगळं. आणि तिसरं पाणी पिरॅमिडच्या खालीच आहे : 2015 साली मेक्सिकोच्या शास्त्रज्ञांनी जमिनीतून विजेचे प्रवाह सोडून मोजलं, तेव्हा एल कास्तियोच्या पोटाखाली पाण्याने भरलेली पोकळी सापडली. अण्णांनी मागे वळून पिरॅमिडकडे पाहिलं. "एवढं वजन पाण्यावर ठेवलंय. माहीत असणार त्यांना."

संध्याकाळी वायादोलिदला मुक्काम.

दिवस सहावा : वायादोलिद

हा दिवस पोहण्याचा. गावाजवळच्या झ्कएकेन सेनोतेत अरुंद पायऱ्यांनी खाली उतरतो आणि एकदम मोठी गुहा उघडते. छताला एकच लहान भोक. दुपारी तिथून उन्हाचा खांब सरळ पाण्यात रोवल्यासारखा उतरतो. छतातून झाडांची मुळं दोरांसारखी लोंबतात, पाण्यासाठी एवढी खाली आलेली. पाण्यात बारीक काळे मासे. उतरण्याआधी साबण न लावता अंघोळ सक्तीची आहे, अंगाला क्रीम, तेल काही नको. कारण हे पाणी एका खड्ड्याचं नाही, सगळं खालून जोडलेलं आहे. इथे घाण केली की दुसऱ्या गावाच्या विहिरीत जाते. मेरिदाजवळच्या होमुन गावात डुकरांचा एक प्रचंड फार्म सुरू झाला तेव्हा तिथल्या माया मुलांच्या नावाने कोर्टात दावा लागला आणि 2018 साली तो थांबवावा लागला. अण्णांना ही गोष्ट फार आवडली. दावा मुलांच्या नावाने, हे त्यांनी दोनदा म्हणायला लावलं.

पाणी थंड, खोल आणि अगदी स्तब्ध. मी उताणी पडून त्या भोकाकडे बघत तरंगत राहिले. कान पाण्यात असले की फक्त आपला श्वास ऐकू येतो आणि मधूनच छतावरून पडलेला थेंब.

दुपारी सान बेर्नार्दिनोचा मठ. सोळाव्या शतकाच्या मध्यावरचा, सेनोतेच्या वर बांधलेला. आवारात 1613 ची घुमटी आहे, तिच्या आत तोंड उघडं असलेली सेनोते आणि पाणी वर काढायच्या रहाटाची जागा. या पेठेचं नाव सिसाल, माया 'सिस हा'वरून आलेलं, म्हणजे गार पाणी. अण्णांनी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि त्यांच्या आजोळच्या मळ्यातल्या मोटेबद्दल बोलत राहिले, बैलांची नावं घेऊन. मी ती नावं पहिल्यांदाच ऐकली.

दिवस सातवा : तुलुम

इथे आमचा एक तास गेला. तुलुम किंताना रो राज्यात येतं, आणि त्या राज्याचं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे. हद्द ओलांडली की वेळ बदलतो, हे मला माहीत नव्हतं. सकाळी लवकर पोचायचा बेत होता, पोचलो तेव्हा दाराशी मोठी रांग. तुम्ही हे आधीच धरून चला.

तुलुम म्हणजे तटबंदी. तीन बाजूंना जाड दगडी भिंत, चौथ्या बाजूला 12 मीटरचा कडा आणि कॅरिबियन समुद्र. इमारती उश्मालपुढे ओबडधोबड आहेत, उगाच भारावून जाऊ नये, पण जागा अशी निवडलीय की बोलणं थांबतं. पांढरा कडा, त्याच्या टोकावर राखाडी देऊळ, खाली निळ्याच्या इतक्या छटा की एकीचंही नाव घेता येऊ नये. स्पॅनिश आले तेव्हा हे शहर जागतं होतं. 1518 च्या ग्रिहाल्वाच्या मोहिमेतल्या पाद्र्याने समुद्रावरून एक नगर पाहून ते स्पेनमधल्या सेव्हिल्या शहराएवढं मोठं असल्याचं लिहिलं, ते हेच असावं असं मानतात. पुउक ओस पडल्यावर काही शतकांनी हे बंदर व्यापारावर भरभराटलं, जेड आणि ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, इथून होड्यांनी जायचे. एका देवळाच्या दारावर डोकं खाली, पाय वर असा उतरणारा देव आहे. आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, समुद्रापासून काही पावलांवर, एका घराच्या पोटात लहानशी सेनोते. ती अण्णांनीच शोधून काढली. तटाच्या आत पाणी नसेल तर तटाचा उपयोग काय, हा त्यांचा सरळ हिशेब.

याच तुलुमच्या आसपास जगातल्या सगळ्यात लांब पाण्याखालच्या गुहांपैकी एक आहे, साक आक्तुन. 2018 च्या जानेवारीत पाणबुड्यांना दोन गुहा एकमेकींना मिळाल्याचं सापडलं आणि मोजलेली लांबी 347 किलोमीटर झाली. द्वीपकल्पात सरकारने नव्याने बांधलेल्या माया रेल्वेचा इथला भाग उंच खांबांवरून जातो, आणि ते पोलादी खांब काही ठिकाणी या गुहांच्या छतांतून आरपार खाली गेले आहेत. रेल्वे हवी, दूरच्या गावांना तिची गरज आहे. पण खांब खाली पाण्यात उतरलेले फोटो मी पाहिलेत आणि मला ते सहन होत नाहीत. ज्या प्रदेशाचं सगळं पाणी त्या छताखाली आहे तिथे मार्ग दुसरीकडून न्यायला हवा होता.

दुपारी दक्षिणेला निघालो. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

दिवस आठवा : बाकालार

सकाळी खोलीचं दार उघडलं तर समोर सरोवर. बाकालारला सात रंगांचं सरोवर म्हणतात. तळ पांढऱ्या चुनखडीचा, आणि खोली बदलत जाते तसा रंग बदलतो, काठाशी दुधाळ, मग पोपटी, मग फिरोजी, आणि जिथे सेनोते आहे तिथे एकदम शाईचा गोल. चाळीसेक किलोमीटर लांब आणि अगदी अरुंद. पाणी गोडं, जमिनीखालून येतं. गावात 1733 चा सान फेलिपे किल्ला आहे, चाच्यांना अडवायला बांधलेला. त्यांना इथलं रंगाचं लाकूड हवं असायचं.

काठाशी पाण्यात फुलकोबीसारखे करडे गोळे दिसतात. दगड वाटतात, पण ते जिवंत आहेत. स्ट्रोमॅटोलाइट : सूक्ष्म जीवांचे थर चुना धरत धरत, अगदी सावकाश वाढत जातात. पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या जीवाश्मांमध्ये याच जातीच्या रचना आहेत. त्यांच्यावर पाय देऊ नका, धरूनही उभं राहू नका. लोक उभे राहतात, फोटो काढतात, आणि काढून घेतलेला एक इंच परत यायला आपलं आयुष्य पुरत नाही.

सरोवराच्या दक्षिण टोकाला लोस रापिदोस नावाची जागा आहे. तिथे सरोवर आवळत जाऊन एक अरुंद प्रवाह होतो, दोन्ही काठांना तेच करडे गोळे, मधून स्वच्छ पाणी. वरच्या टोकाला उतरायचं आणि पाणी नेईल तसं खाली यायचं. अण्णांना पोहता येतं, पण सत्तरी ओलांडलेली, म्हणून मी नको म्हणत होते. त्यांनी माझं ऐकलं नाही. लाइफ जॅकेटचे बंद आवळले, माळ आत सारली, चष्मा आणि चपला माझ्या हातात दिल्या आणि शिडीने उतरले.

क्षणभर ते शिडी धरून होते. मग हात सोडले, आणि पाण्याने त्यांना उचललं. काठच्या लाकडी पायवाटेवरून मी त्यांच्या बरोबरीने चालत होते, हातात त्यांच्या चपला. ते उताणे झाले, पाय पुढे, डोळे मिटलेले. मग एकदम डोळे उघडून, शाळेतल्या पोरासारखे मोठ्याने ओरडले, "वाहतंय गं! वाहतंय!"

खाली शिडीशी मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. बाहेर येऊन, ओल्या पायांनी तसेच वरच्या टोकाकडे चालायला लागले, पुन्हा उतरायला.